वारीला न्या, पण डोहात उतरू देऊ नका

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईचे नातेवाईक शेगावला दर्शनाला येतात आणि तिथून तेल्हाऱ्याला फोन करतात, "आलोच आहोत, तर वारीचा हनुमान आणि नरनाळा किल्ला एका दिवसात करून टाकू." अंतरं फार नाहीत, त्यामुळे आपणही चटकन हो म्हणतो. मी आता म्हणत नाही. पाहुण्यांना सांगतो, यातलं एकच निवडा.

मावसभावाचं कुटुंब आलं तेव्हा त्यांनी वारी निवडली. हनुमानाचं दर्शन झालं, झाडाखाली रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी झाली. जेवून मोठी माणसं आडवी झाली आणि कॉलेजातले दोघं टॉवेल घेऊन वाण नदीकडे निघाले. मी उठून आडवा गेलो. भाऊ म्हणाला, "अरे, दोघंही पोहायला शिकलेत." मी ऐकलं नाही. वहिनींना ते लागलंही. थोड्याच वेळात दुसऱ्या एका गाडीतून आलेला पोरगा खडकावरून घसरून आत गेला. काठावरच्या माणसांनी ओढण्यांना गाठी मारून त्याच्याकडे फेकल्या, म्हणून तो बाहेर आला. एक म्हातारे गृहस्थ पाहुण्यांना म्हणाले, "थो डोह दिसते तसा नाही, बापू. पोहनाऱ्यालेच नेते."

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. वारीच्या या मामा-भाचे डोहात तरुण बुडाल्याच्या बातम्या आपल्या भागात वरचेवर येतात आणि त्यांत बाहेरगावच्या पोरांची नावं असतात. वाण नदी सातपुड्यातून इथे उतरते, तिचा तळ खडकाचा आहे. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल एकदम पुरुषभर खोलीत पडू शकतं. शेवाळलेल्या उतारावर परत चढायला हाताला काही लागत नाही. तरणतलावात शिकलेल्याला कडा धरायची सवय असते. इथे तशी कडाच नाही. पावसाळ्यात हनुमान सागर धरणातून पाणी सोडलं तर खाली नदी बघता बघता वाढते. तेव्हा पाय बुडवायलासुद्धा कोणी उतरू नये. पाहुण्यांना हे घरीच सांगायचं, काठावर पोचल्यावर नाही. तिथे गेल्यावर सांगितलं की तो रुसव्याचा विषय होतो.

नरनाळ्याचं वेगळं. 1487 मधला महाकाली दरवाजा आणि त्यावरचा शिलालेख निवांत पाहायचा म्हटला तर सकाळ लागते. पुढे शक्कर तलाव, नऊगजी तोफ आहेच. किल्ला अभयारण्यात आहे. शहानूरच्या नाक्यावर प्रवेशाच्या वेळा पाळाव्या लागतात, तेव्हा निघण्याआधी वनविभागाकडे चौकशी करा. वर जेवणाची सोय नाही असं धरूनच डबे आणि पाणी न्या. पण मे महिन्यात म्हाताऱ्या आत्याला तिथे नेऊ नका. आपल्या जिल्ह्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि कोकणातून आलेल्या माणसाला घाम जाणवत नाही म्हणून ऊन लागतंय हेच कळत नाही. घाम इथे अंगावरच सुकतो. तहान नसली तरी पाणी, ताक, कांदा-कैरीचं पन्हं पाजत राहा.

पाण्याचीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. पूर्णेकडच्या गावांत आपण खारपाणपट्ट्यात असतो. तिथल्या हापशीचं पाणी गार लागलं तरी खारं असतं, पाहुण्यांच्या पोटाला ते मानवत नाही. नळाचं पाणी घरून भरून न्या.

खरं तर आपला मुलूख दाखवायचा तो मार्गशीर्षापासून माघापर्यंत. तेव्हा हुरडा असतो, संत्री असतात, हिवरखेड-दानापूरकडचे पानमळे हिरवे असतात, तिथे उभं राहून पानपिंपरीचा वेल दाखवता येतो. मुलं हे विसरत नाहीत. शेगावपर्यंत रेल्वे आहेच, पुढे एसटी. घाई कुणालाच नसते.

तेव्हा यंदा कोणी मे महिन्यात येतो म्हणालं, तर मोकळेपणाने सांगा, दिवाळीनंतर या. आणि यायचंच असेल, वारीलाच जायचं असेल, तर पोरांकडून घरून निघतानाच पाण्यात न उतरण्याचा शब्द घ्या.