ओहोटीला जाणाऱ्यांसाठी

कातळावर आणि पुळणीवर शंख-गोगलगायींची, समुद्री किड्यांची वीण पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली. नव्याने किनाऱ्यावर जाऊ लागलेल्यांना त्यातलं थोडं सांगावंसं वाटतं.

१. घड्याळाआधी पंचांग पाहा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोकणातला जुना हिशेब आजही चालतो. पौर्णिमेचे पंधरा धरले की सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या सहा तास मागेपुढे. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत फार काही हाती लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप आत जातं आणि एरवी बुडालेला पट्टा उघडा पडतो. अंडी शोधायची ती तिथे.

२. पुळणीवर पडलेलं सगळंच कचरा नसतं. शर्टाच्या कॉलरसारखी, एका बाजूने उघडी, वाळूच्याच रंगाची एक पट्टी सापडते. लोक ती तुटलेलं रबर समजून पायाने उडवतात. ती चंद्रगोगलगायीची अंडी असतात. मादी चिकट द्रवाची पट्टी सोडते, तिला वाळू चिकटते आणि मधल्या थरात अंडी राहतात. पट्टी तिच्या अंगाभोवती तयार होते, म्हणून तिला तो गोल आकार येतो. ओली पट्टी उजेडासमोर धरली तर बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. एकेका ठिपक्यात जीव वाढत असतो. पिल्लं बाहेर पडली की पट्टीचा आपोआप भुगा होतो. म्हणजे अखंड, लवचीक पट्टी बहुधा भरलेली असते. पाहून झालं की ओल्या वाळूत परत ठेवावी. घरी नेलेली वाळून जाते, आतलं सगळं मरतं. बाहेर पडणारं पिल्लू आईसारखं दिसतही नाही. केसाळ पाळ्यांनी पोहणारा तो एक कण असतो. पाण्यावर काही काळ काढून तो तळाशी उतरतो, आणि मग त्याची गोगलगाय होते.

३. किड्यांना कमी लेखू नका. गरवणारे ज्याला आमिष म्हणून वापरतात, त्या नेरिसच्या कुळातल्या बऱ्याच जाती वाळूच्या बिळात आयुष्य काढतात आणि विणीच्या वेळी अंगच बदलतात. डोळे मोठे होतात, पाय वल्ह्यांसारखे रुंद होतात, आतडं आक्रसतं. चंद्राच्या ठरावीक कलेला रात्री ते वर येतात, पाण्यात अंडी आणि शुक्रबीज सोडतात आणि मरतात. सामोआचा पालोलो किडा मात्र डोकं प्रवाळात ठेवून मागचा अर्धा भागच वर पाठवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वद्य अष्टमीच्या सुमारास, तिथली माणसं तो जाळीने गोळा करून खातात. मला दोन्ही तऱ्हा सारख्याच थोर वाटतात.

४. माणसाचा हात थेट विणीपर्यंत पोचतो. जहाजांच्या बुडाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून ट्रायब्यूटिलटिन असलेला रंग लावत. त्या विषाने शंखांच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटतं. काही जातींत तर अंड्यांची वाटच बंद होते. गोव्याच्या किनाऱ्यावर हे ज्या शंखात नोंदलं गेलं, त्याच्या नावातच कोकण आहे : क्रोनिया कोंकणेन्सिस. ही नोंद १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. असे रंग जगभर थांबवणारा करार लागू व्हायला २००८ साल उजाडलं. ही दिरंगाई मला अजूनही सलते.

५. दगड उलटण्याआधी थांबा. कवडीची मादी दगडाखाली अंड्यांच्या पुंजक्यावर पाय पसरून बसते आणि पिल्लं सुटेपर्यंत सहसा हलत नाही. तो दगड तसाच उताणा टाकून गेलात, तर ऊन अंड्यांवर पडतं आणि खालचं ओलं जग तासाभरात सुकतं. दगड उचललाच, तर दोन्ही हातांनी, हळू. आणि पाहून झालं की त्याच जागी, त्याच बाजूने खाली ठेवा. बरोबर मुलं असतील तर दगड ठेवायचं काम त्यांना द्या.