मृगाच्या आधी बर्गे काढा

पंचगंगेच्या खोऱ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर देखरेख करण्यात माझी तीस वर्षं गेली. दिवाळीच्या सुमारास बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बंधाऱ्याच्या गाळ्यांत घालायचे, पावसाआधी काढायचे, रोजची पातळी वहीत लिहायची. मासे माझ्या कामात बसत नव्हते, पण इतकी वर्षं काठावर काढल्यावर ते ओळखीचे झाले. त्या ओळखीतून जे कळलं ते असं.

१. पाणी किती, यापेक्षा कधी, हे माशाला जास्त लागतं.
नोकरीतलं दुसरं-तिसरं वर्ष असेल. वळीव जोरात झाला, पाठोपाठ मृगही लागला आणि आमचे बर्गे अजून गाळ्यांतच होते. पहाटे गेलो तर खालच्या अंगाला पाणी नुसतं खवळलेलं. चढणीचा मासा आला होता. पहिल्या गढूळ पाण्याबरोबर मासे ओढ्या-नाल्यांकडे, भाताच्या खाचरांकडे अंडी घालायला निघतात. वाट अडली की उड्या मारतात, फळ्यांवर आपटतात, पुन्हा उडी घेतात. तासाभरात माणसं काठ्या, टोपल्या, घमेली घेऊन जमली. पोती भरली. प्रत्येक माशाचं पोट अंड्यांनी तट्ट फुगलेलं. माझ्या घरीही वाटा आला आणि मी तो आनंदाने खाल्ला. बर्गे काढायला आम्हाला आणखी तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत त्या पट्ट्यातली एक अख्खी पिढी संपली, हे समजायला मला पुढची दहा वर्षं लागली.
महाराष्ट्राच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. नदीतला मासाही त्याच महिन्यांत वर निघतो.

२. वाटणीत नदीचं नाव शेवटी येतं.
कृष्णेचं पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादाने त्यातलं ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला दिलं. राज्यातल्या वाटपासाठी २००५ साली कायदा होऊन जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. २००३च्या राज्य जलनीतीत पाणी देण्याच्या क्रमात पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग होते. २०११ साली शेती दुसऱ्या क्रमांकावर आणली गेली. म्हणजे हा क्रम बदलता येतो. शेतीसाठी भांडणारे मी शेकडो पाहिले, उद्योगांसाठीही पाहिले. नदीतच राहू द्यायच्या पाण्याची बाजू घेणारा माणूस मला आमच्या भागातल्या एकाही बैठकीत भेटला नाही. मीही कधी उठून बोललो नाही.

३. उपसाबंदी शत्रू नाही.
उन्हाळ्यात पाणी शेवटच्या बंधाऱ्यापर्यंत पोचावं म्हणून ठरावीक दिवस नदीवरच्या मोटारी बंद ठेवतात. ऊस वाळतो, शेतकरी चिडतो आणि त्याचं चिडणं खरं असतं. पण त्याच दिवसांत डोहांची पातळी सावरते आणि वाम, मरळ, शिंगटी तग धरतात. चोरून रात्री चालणारी एकेक मोटार बारकी वाटते. अशा चाळीस मोटारींनी गुडघाभर उरलेला डोह एका रात्रीत उघडा पडलेला मी पाहिला आहे.

४. साठलेलं पाणी म्हणजे जिवंत पाणी नव्हे.
वहीत माझी पातळी भरलेली असायची आणि बंधाऱ्यामागे काळं, उग्र वासाचं पाणी उभं असायचं. सांडपाणी साठून कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो. असं पाणी एकदम खाली सोडलं की पुढच्या पट्ट्यातले मासे तोंड वर काढून तडफडतात. बर्गे काढायचे ते थोडे थोडे, वरून धरणाचं ताजं पाणी येत असताना.

५. मासे सोडणं म्हणजे मासे वाचवणं नव्हे.
चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली. आज आमच्या जाळ्यात तीच आधी येते. आफ्रिकन मांगूर पाळायला बंदी आहे, तरी तो ओढ्यात सापडतो. मला चटका लावणारी गोष्ट मात्र आपल्या खडशी या महसीर माशाची आहे. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली तिची बोटुकली पूर्वी कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण खडशी तिथली नव्हे. ती कावेरीत फोफावली आणि तिथला मूळचा कुबड असलेला महसीर मागे रेटला गेला. २०१८ पासून तो अतिसंकटग्रस्तांच्या जागतिक यादीत आहे. एका नदीतला आपला मासा दुसऱ्या नदीत परका असतो.

६. एक डोह तरी सोडा.
महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथे मासे देवीचे मानतात, कोणी धरत नाही, आणि हातभर लांबीचे महसीर माणसासमोर निर्धास्त फिरतात. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणं १८९७च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. वाळणला तो कायदा वाचून दाखवायची वेळ येत नाही. आपल्या गावच्या हद्दीतला सर्वांत खोल डोह कोणता, हे म्हाताऱ्यांना विचारा. ग्रामसभेत ठराव करून तिथली मोटार आणि जाळं दोन्ही बंद करा.

आणि मेअखेर बंधाऱ्यावर एक चक्कर मारा. बर्गे गाळ्यांतच असतील तर ते कधी निघणार, हे तिथल्या माणसाला विचारा. मला कोणीच विचारलं नव्हतं.