छायाचित्रकाराला आपला विषय कसा सापडतो?



आज घरोघरी मोबाईल आहे आणि प्रत्येक मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. गणपती, सहल, स्नेहसंमेलन, वाढदिवस, लग्न अशा प्रत्येक प्रसंगी आपण शेकडो फोटो काढतो. पण त्यांतला एखादा फोटो कुणाचे नाव न सांगता पुढे ठेवला, तर "हा अमक्यानेच काढलेला आहे" असे कुणाला ओळखता येईल का? वर्गात वहीवरचे नाव न वाचता बाई अक्षरावरून वही कुणाची ते सांगतात. नामवंत छायाचित्रकारांची कामेही जाणकारांना तशीच ओळखू येतात. या ओळखीला त्या छायाचित्रकाराची शैली म्हणतात.

ही शैली येते कुठून? महाग कॅमेऱ्यातून की जन्मजात प्रतिभेतून? चार छायाचित्रकारांच्या कामावरून आपण हे समजून घेऊ. त्यांतील दोघे आपल्या गुजरातचे आहेत आणि दोघे महाराष्ट्राचे.

१. नवसारीच्या होमाईबाई

होमाई व्यारावाला यांचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी आपल्या शेजारच्या नवसारीत एका पारशी कुटुंबात झाला. त्या मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेत शिकल्या. कॅमेरा हाताळायला त्यांना माणेकशा व्यारावाला यांनी शिकवले. पुढे त्यांच्याशीच होमाईंचा विवाह झाला. त्यांचे सुरुवातीचे फोटो माणेकशांच्या नावाने छापले जात. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून नावारूपाला आल्या. साडी नेसून, खांद्यावर कॅमेऱ्याचे ओझे घेऊन त्या समारंभांना जात.

वृत्तछायाचित्रकाराचा विषय बहुधा दुसऱ्याने ठरवलेला असतो. पाहुणे विमानतळावर येणार, म्हणजे तिथे जायचे. मग त्यांचे स्वतःचे असे काय राहिले? त्यांचा एक प्रसिद्ध फोटो पाहा. विमानतळावर पंडित नेहरू वाट पाहत उभे आहेत आणि त्यांच्या शेजारीच 'छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई' असा इंग्रजी फलक आहे. समारंभ सुरू होण्याआधीचा हा क्षण आहे. भाषण, हस्तांदोलन आणि हारतुरे सगळेच टिपतात. होमाईबाईंचे लक्ष त्याच्या आगेमागेही असे. मोठी माणसे क्षणभर साधी माणसे होतात ती तेव्हाच.

त्यांच्या हातातील साधनाचाही इथे वाटा होता. त्या रोलीफ्लेक्स कॅमेरा वापरत. तो डोळ्याला लावायचा नसून पोटाशी धरायचा आणि वरून काचेत पाहायचे. त्यामुळे समोरच्या माणसावर कॅमेरा रोखल्यासारखे वाटत नाही. खालच्या उंचीवरून फोटो निघत असल्याने माणूस भारदस्तही दिसतो. एका रोलमध्ये फोटो फक्त बारा. म्हणून बटण दाबण्याआधी थांबावे लागे, निवड करावी लागे.

१९७० मध्ये त्यांनी हे काम सोडले. नव्या मंडळींची धक्काबुक्की आणि सुटलेली शिस्त त्यांना मानवली नाही. नंतर त्या वडोदऱ्यात शांतपणे राहिल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि जानेवारी २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. काय काढायचे यावरून जशी शैली ओळखली जाते, तशी काय काढायचे नाही यावरूनही ओळखली जाते, हे त्यांच्याकडून शिकावे.

२. ज्योती भट्ट : भिंत आणि ती रंगवणारी बाई

ज्योती भट्ट यांचा जन्म १९३४ साली भावनगरला झाला. ते मुळात चित्रकार. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ते शिकले. त्यांच्या गुरूंपैकी एक होते नारायण श्रीधर बेंद्रे, म्हणजे आपले मराठी चित्रकार ना. श्री. बेंद्रे. पुढे त्याच विद्यापीठात ते शिकवू लागले.

१९६७ मध्ये एका परिसंवादासाठी गुजरातच्या लोककलेचे फोटो काढण्याचे काम त्यांच्याकडे आले. काम तात्पुरते होते. पण खेड्यात गेल्यावर त्यांना दिसले, की मातीच्या भिंतींवरची चित्रे, अंगणातल्या रांगोळ्या, अंगावरचे गोंदण हे सगळे झपाट्याने नाहीसे होत आहे. मातीचे घर जाऊन सिमेंटचे आले की भिंतीवरचे चित्रही जाते. मग ते गुजरात, राजस्थान आणि इतर प्रांतांत वर्षानुवर्षे फिरत राहिले. तात्पुरते म्हणून आलेले काम आयुष्यभराचा विषय झाले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

त्यांच्या अनेक फोटोंत नुसती भिंत नसते. जिने ती रंगवली ती बाई किंवा त्या घरातले मूल भिंतीसमोर उभे असते. लुगड्यावरची नक्षी, हातावरचे गोंदण आणि मागचे चित्र एकमेकांत मिसळून जातात. आकार आणि रेषा पाहण्याची चित्रकाराची सवय इथे उपयोगी पडली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कला आणि ती करणारे माणूस वेगळे काढायचे नाही, हा विचार त्यांच्या फोटोत दिसतो.

३. सुधारक ओलवे : कुणी पाहत नाही तिकडे पाहणे

सुधारक ओलवे हे मूळचे अकोल्याचे. जन्म १९६६. मुंबईत वृत्तपत्रासाठी फोटो काढणे ही त्यांची नोकरी होती. ते करतानाच त्यांनी स्वतःसाठी एक विषय घेतला : मुंबई महापालिकेचे सफाई कामगार. मॅनहोलमध्ये उतरणारी, कचऱ्याच्या ढिगात उभी राहून काम करणारी ही माणसे रोज सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात, तरी कुणाला दिसत नाहीत. ओलवे त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा गेले. कामावर गेले तसे त्यांच्या घरीही गेले. हे फोटो कृष्णधवल आहेत आणि अगदी जवळून घेतलेले आहेत. पाहणाऱ्याला नजर दुसरीकडे वळवता येत नाही. २०१६ मध्ये ओलवे यांनाही पद्मश्री मिळाली.

इतक्या जवळून फोटो काढायचा तर समोरच्या माणसाचा विश्वास असावा लागतो. तो एका दिवसात मिळत नाही. म्हणजे ज्याला आपण ओलवे यांची शैली म्हणतो, तिच्यामागे कित्येक वर्षांचे येणे-जाणे आहे.

४. गौतम राजाध्यक्ष : एक चेहरा, मऊ प्रकाश

आता अगदी वेगळे उदाहरण घेऊ. गौतम राजाध्यक्ष (१९५० ते २०११) हे मुंबईचे. जाहिरात संस्थेतील नोकरीतून ते छायाचित्रणाकडे वळले आणि सिनेमा, संगीत व रंगभूमीवरील कलावंतांची व्यक्तिचित्रे हा त्यांचा विषय झाला. 'चेहरे' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. मऊ प्रकाश, मागे फारसे काही नाही आणि सगळे लक्ष चेहऱ्यावर, अशी त्यांची मांडणी असे.

ओलवे रस्त्यावर गेले आणि राजाध्यक्ष स्टुडिओत राहिले, म्हणून एकाचे काम खरे आणि दुसऱ्याचे खोटे असे नाही. माणसाचा चेहरा नीट पाहणे हेही आयुष्यभर पुरणारे काम आहे. ज्याचा त्याचा ओढा वेगळा असतो. तो ओळखणे महत्त्वाचे.

या चौघांवरून काय कळते?

शैली आधी ठरवून मग विषय शोधायला यांपैकी कुणी निघाले असे दिसत नाही. आधी एखाद्या गोष्टीकडे ते पुन्हा पुन्हा गेले. तिथे जाताना कुठे उभे राहायचे, किती जवळ जायचे, कोणत्या प्रकाशात काढायचे आणि काय सोडून द्यायचे, याचे निर्णय घेत गेले. तेच निर्णय वारंवार घेतले गेले, की त्यांची ओळख बनते.

काही जण हे नियम फार कडक ठेवतात. जर्मनीतील बर्न्ट आणि हिला बेखर हे पती-पत्नी १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या आणि खाणींवरचे मनोरे यांचे फोटो काढत होते. ढगाळ दिवस, समोरून सरळ, कृष्णधवल आणि फोटोत शक्यतो माणूस नाही, एवढाच त्यांचा नियम. एकेक टाकी पाहिली तर त्यात विशेष काही वाटत नाही. पण अशा नऊ टाक्या शेजारी शेजारी लावल्या, की प्रत्येकीचे वेगळेपण दिसू लागते. आपल्याकडेही गावोगावी पाण्याच्या टाक्या आहेत. त्यांच्याकडे असे कधी पाहिले आहे का?

मग आपला विषय कोणता?

तो शोधायला दूर जावे लागत नाही. कामरेजमध्ये तापीचा काठ आहे, महामार्गाची वर्दळ आहे. हिवाळ्यात आजूबाजूच्या शेतांत ऊसतोड चालते आणि तिच्यासाठी डांगातून व खानदेशातून कुटुंबे येतात. सुरत परिसरातील कितीतरी मराठी घरे मूळची खानदेशातली. त्या घरांत अजून अहिराणी बोलणाऱ्या आजी आहेत, श्रावणात कानबाई बसते, कळण्याची भाकरी होते. लूमवर आयुष्य काढलेले आजोबा आहेत.

आपल्या अल्बममध्ये यांतले काय आहे? लग्नात ओळीने उभे राहून काढलेले फोटो पुष्कळ सापडतील. आजोबा कामावर असतानाचा फोटो मात्र बहुतेक घरांत नसेल. ज्योती भट्टांनी पाहिलेल्या भिंती गेल्या, पण त्यांचे फोटो उरले. आपल्या आजी-आजोबांचे हात, त्यांची अवजारे, त्यांची चूल यांचे काय उरणार, हे आजच्या मुलांच्या हातातील मोबाईलवर अवलंबून आहे.

एक सूचना मात्र कायम लक्षात ठेवा. समोरचा माणूस गरीब आहे किंवा कामात आहे, म्हणून त्याचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. आधी बोलावे, परवानगी घ्यावी, काढलेला फोटो त्याला दाखवावा आणि जमल्यास एक प्रत द्यावी. तो नको म्हणाला तर कॅमेरा खिशात ठेवावा. लहान मुलांचे फोटो त्यांच्या आई-वडिलांना विचारूनच काढावेत आणि कुठेही पाठवण्याआधी पुन्हा विचारावे.

करून पाहा

१. तुम्ही आतापर्यंत काढलेल्या फोटोंतून मनापासून आवडलेले वीस निवडा. सेल्फी वगळा. ते एकत्र ठेवून पाहा. कोणती गोष्ट वारंवार येते? माणसे, हात, झाडे, रस्ता, की आकाश? तुमचा ओढा तिथे आहे.

२. एक विषय, एक जागा आणि एक अंतर ठरवा. उदा. आजीचे हात, स्वयंपाकघर, दोन फुटांवरून. महिनाभर रोज एकच फोटो काढा. झूम वापरू नका. जवळचे हवे असेल तर स्वतः जवळ जा.

३. महिन्याच्या शेवटी तीसपैकी फक्त पाच ठेवा. उरलेले का वगळले, ते प्रत्येकी एका वाक्यात वहीत लिहा.

४. ठेवलेल्या पाच फोटोंखाली माणसाचे नाव, गाव, तारीख आणि तो काय करतो आहे, ते मराठीत लिहा. नाव घालायचे का, हे त्या माणसाला विचारा. मजकुराविना फोटो वीस वर्षांनी कुणालाही ओळखू येत नाही.

पालकांना विनंती, की मुलांना या कामासाठी घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसू द्यावे आणि जुने अल्बम बाहेर काढून त्यांतील माणसांची नावे सांगावीत. विश्वस्त मंडळींनी मुलांच्या निवडक फोटोंच्या छापील प्रती काढून ग्रंथालयात एक अल्बम ठेवावा, आणि दरवर्षी त्यात भर घालावी. मोबाईल बदलला की फोटो जातात. ग्रंथालयातला अल्बम पुढच्या इयत्तांच्या मुलांना पाहायला मिळेल.