थंडीत पोरं अंगणात: नव्या अंगणवाडीताईसाठी कानमंत्र

पोरी, सिल्वासाची थंडी काही काश्मीरची नव्हे. पौषात पहाटे पारा पंधराच्या आसपास उतरतो आणि दुपारी तीसकडे धावतो. तरी डिसेंबर उजाडला की मुलांना खोलीत कोंडायची घाई होते. तसं करू नकोस. आणि बाहेर नेशील तेव्हा कुणालाही मागे ठेवू नकोस. जे मूल मागे राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त, त्याला डोळ्यांसमोर ठेवून आखणी कर. मग बाकीच्यांची सोय आपसूक होते.

आपल्या शेजारच्या डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच केलं. १९४५ साली बोर्डीला त्यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं, १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणावर नेली. खडे, शिंपले, पानं, बिया हेच तिथलं साहित्य. आपली वाट त्यांनी आधीच मळून ठेवली आहे.

वेळ सांभाळ. गवतावर दव असेपर्यंत गाणी-गोष्टी आत घे. अंगण कोरडं झालं, ऊन भिंतीवर आलं की निघ. साडेनऊ ते अकरा ही वेळ सोन्याची. त्यानंतर ऊन चटकायला लागतं.

बसायची जागा ऊबदार कर. सिमेंटची लादी थंडी धरून ठेवते. भाताची झोडणी झाली की घरोघर पेंढा असतो, तो मागून आण. उन्हात पसर, काठीने नीट झाडून घे, कारण त्यात विंचू दडतो. वर गोणपाट टाक. वारा अडेल आणि सकाळचं ऊन येईल अशी पूर्वेकडची भिंत शोध.

कपड्यांवरून मुलं वेगळी पाडू नकोस. ‘स्वेटर कुणाकडे नाही?’ असं कधी विचारू नकोस. जुने स्वेटर, कानटोप्या, गोधड्या एका टोपलीत ठेव आणि टोपली सगळ्यांसाठी उघडी ठेव. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ बरे, पळून घाम आला की वरचा काढता येतो. गळ्यात लोंबता मफलर नको, झोक्यात अडकतो. ओला कपडा लगेच बदल.

सिकलसेलचं मूल ओळखून ठेव. वारली, कोकणा, धोडिया अशा आपल्या समाजांत हा आजार आहे. थंडी, कमी पाणी आणि अतिश्रम यांनी त्याच्या वेदना उसळतात. म्हणून त्याला घरी बसवायचं नाही, त्याच्या बेताने खेळवायचं. हातपाय झाकलेले ठेव, दर थोड्या वेळाने कोमट पाणी पाज, थंड पाण्यात खेळवू नकोस, दमलं की बसू दे. हातापायांची बोटं सुजली, अंग दुखून रडू लागलं किंवा ताप आला, तर वाट पाहू नकोस. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा सिल्वासाच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये पाठव. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचंही नाव आहे. त्याची सोय करणं हे आपलं काम आहे, उपकार नव्हेत.

चालता न येणाऱ्या मुलाला जास्त पांघरूण लागतं. पळणारं मूल स्वतःच तापतं, बसलेलं लवकर गारठतं. त्याचे पाय गोधडीत गुंडाळ आणि निसर्ग त्याच्या हाताच्या उंचीवर आण. बाकावर परात ठेव, तिच्यात माती, सागाची वाळकी पानं, आंब्याचा मोहोर घाल. बाकीची मुलं तिथे आपोआप गोळा होतील.

न दिसणाऱ्या मुलासाठी दारापासून झाडापर्यंत कमरेच्या उंचीवर दोर बांध. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल त्याला चाचपू दे, गवती चहा चुरून हुंगू दे, सागाच्या पानांवरून चालताना होणारा आवाज ऐकू दे. ऐकू न येणाऱ्या मुलाशी बोलताना ऊन तुझ्या तोंडावर पडू दे, म्हणजे त्याला ओठ दिसतील. गोंगाटाला घाबरणाऱ्या मुलासाठी एक शांत कोपरा ठेव, आणि रोजचा क्रम मोडू नकोस.

मसाट, राखोलीच्या चाळींतली मुलंही आपलीच. कारखान्यात कामाला आलेल्यांच्या घरापुढे अंगण नसतं. त्यांच्यासाठी घमेल्यात माती, कुंडीत मेथी, एवढंही पुरतं. पानाचं नाव वारलीत, गुजरातीत, ओडियात जसं येईल तसं सांगू दे.

बियांवर नजर ठेव. थंडीत गुंजेच्या शेंगा उकलतात. लाल-काळ्या बिया मुलांना मोहवतात, पण त्या विषारी आहेत. धोतरा आणि एरंडही तसेच. खेळायच्या आधी स्वतः फिरून जागा साफ कर. बोराची बी आणि चिंचोका घशात अडकतो, लहानग्यांच्या हाती देऊ नकोस. मुलांजवळ शेकोटी नको. धूरही छातीला वाईट.

‘सर्दी होईल’ म्हणणाऱ्या आईला नीट समजाव. सर्दी विषाणूंमुळे होते आणि दारं लावलेल्या, गर्दीच्या खोलीत जास्त पसरते. तिला एक दिवस सोबत ये म्हण. परतल्यावर मुलांना नागलीची गरम पेज दे. ताप असलेल्या किंवा धाप लागलेल्या मुलाला मात्र बाहेर काढू नकोस.

उद्या हजेरी घेताना बघ, गेल्या आठवड्यात अंगणात कोण आलं नाही. त्याच्या अडचणीपासून कामाला लाग. एकही मूल दारात बसून नुसतं पाहत राहिलं, तर त्या दिवशीचा खेळ पुरा झाला नाही असं समज.