घरचे डॉक्टर

घरात कोणाला ताप आला, म्हणजे ज्यांना पहिल्याने बोलावणे जाते, ते घरचे डॉक्टर. आजोबांना कोणते औषध सोसत नाही, ताईला लहानपणी कोणता आजार झाला होता, घरात माणसे किती व खोल्या किती, पिण्याचे पाणी कोठून येते, हे त्यांना विचारावे लागत नाही. कित्येक घरांत आजोबांपासून नातवापर्यंत तीन पिढ्यांची नाडी एकाच डॉक्टरांनी पाहिलेली असते. एरवी ही ओळख अगदी साधी गोष्ट वाटते. परंतु गावात साथ आली, की तिचे खरे मोल कळते.

साथीचा रोग हा एकट्या रोग्याचा रोग नसतो. पटकीचे जंतू पाण्यातून पसरतात, गोवराचे श्वासावाटे पसरतात, प्लेगचे उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत पोहोचतात. एका घरातील दुखणे लपून राहिले, तर चार दिवसांत सारी आळी अंथरुणाला खिळते. म्हणून साथीच्या काळात तीन गोष्टी त्वरित व्हाव्या लागतात. पहिला रोगी लवकर ओळखला गेला पाहिजे. त्याला इतरांपासून वेगळे ठेवले पाहिजे. आणि काय करावे व काय करू नये, हे लोकांना पटेल अशा रीतीने सांगितले गेले पाहिजे. या तिन्ही गोष्टी केवळ हुकुमाने होत नाहीत. ज्याच्यावर विश्वास आहे, त्याच्यासाठीच माणूस आपल्या घराचे दार उघडतो.

मुंबईच्या इतिहासात याचे एक ठळक उदाहरण आहे. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात एक विलक्षण ताप आढळू लागला. मांडवी म्हणजे बंदराजवळचा दाट वस्तीचा भाग. तेथे धान्याच्या वखारी होत्या आणि वखारींत उंदरांचा सुकाळ होता. याच भागात डॉ. अकासिओ गॅब्रियल व्हिएगस हे वैद्यकीय व्यवसाय करीत असत. त्यांचा जन्म गोव्यातील बार्देश तालुक्यात हडफडे या गावी झाला होता. रोग्याला तपासताना तीव्र ताप आणि सुजलेल्या गाठी पाहून त्यांनी निदान केले, की हा गाठीचा प्लेग आहे.

हे निदान उच्चारणे सोपे नव्हते. बंदरात प्लेग आहे असे जाहीर झाले, म्हणजे जहाजांना अटकाव होणार, व्यापार बसणार आणि शहरात घबराट उडणार, हे उघड होते. तरीही डॉ. व्हिएगस यांनी ते लपविले नाही. ते महानगरपालिकेचे सभासदही होते. त्यांनी हे निदान पालिकेपुढे मांडले. पुढे तज्ज्ञांच्या तपासणीत ते खरे ठरले. घाणेरड्या वस्त्यांची सफाई व उंदरांचा नाश यांसाठी त्यांनी खटपट केली. याच सुमारास डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. डॉ. व्हिएगस यांनी ही लस सुमारे १८,००० लोकांना टोचली. रोज रोग्यांच्या घरी जाणाऱ्या एका डॉक्टरांच्या नजरेने त्या रोगाला प्रथम नाव दिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता याच्या उलट चित्र पाहू. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा सरकारने घरझडतीसाठी गोरे सैनिक नेमले. रोगी शोधून वेगळे ठेवणे हा हेतू वैद्यकदृष्ट्या चुकीचा नव्हता. परंतु परक्या भाषेचे शिपाई देवघरापर्यंत शिरत, सामान बाहेर फेकीत, स्त्रियांची मर्यादा राखीत नसत. त्यामुळे लोक रोगापेक्षा झडतीलाच अधिक भिऊ लागले. त्यांनी रोगी माळ्यावर लपविले आणि साथीला अधिकच वाव मिळाला. त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ हडपसर येथे, सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथे आणीत. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आणताना त्यांनाही प्लेग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. झडतीच्या शिपायांना लोकांनी दार लावले. मायलेकांच्या दवाखान्यात मात्र रोगी निर्धास्तपणे आले.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. शहरात डॉक्टर असतात. पण ज्या खेड्यात डॉक्टरच नाही, तेथे घरचे डॉक्टर कोणाला म्हणावे? या प्रश्नाचे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्याने, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याने, साऱ्या जगाला दिले आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे हे याच जिल्ह्याचे सुपुत्र. त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल यांनी वेल्लोर येथे वैद्यकीय शिक्षण घेतले. खेड्यातील गरिबांची सेवा करावयाची, असा दोघांचा निश्चय होता. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. तेथे त्यांना एक गोष्ट खटकू लागली. जुलाबाने सुकून गेलेले मूल ते बरे करून घरी पाठवीत. थोड्या दिवसांनी तेच मूल त्याच दुखण्याने परत येई. औषध रोगाला हटवीत होते, पण घरचे दूषित पाणी तसेच होते आणि घरातील अज्ञानही तसेच होते. बहुतेक दुखणी टाळता येण्याजोगी आहेत, आणि ती टाळावयाची तर रुग्णालयात वाट पाहत बसून चालणार नाही, हे त्यांनी ओळखले. पुढे त्यांनी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० मध्ये जामखेड येथे येऊन काम सुरू केले.

जामखेड हा जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा अवर्षणप्रवण तालुका. पाऊस बेभरवशाचा, रस्ते कच्चे आणि रोगराई पाचवीला पुजलेली. गावकऱ्यांनी जनावरांच्या दवाखान्याची एक जुनी इमारत दिली. तेथे कामाचा आरंभ झाला. त्या काळी या परिसरात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाची होण्यापूर्वीच दगावत. जुलाब लागले की मुलाचे पाणी तोडावे, गोवर म्हणजे देवीचा कोप, त्यावर औषध करू नये, अशा समजुती घरोघरी होत्या.

प्रारंभी डॉक्टरांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठविल्या. परंतु परक्या गावी एकटीने राहणे त्यांना कठीण जाई आणि गावातील स्त्रियाही त्यांच्याजवळ मन मोकळे करीत नसत. तेव्हा आरोळे दांपत्याने एक धाडसी निर्णय घेतला. प्रत्येक गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडावी आणि तिलाच आरोग्याचे शिक्षण द्यावे, असे ठरले. यांतील बहुतेक स्त्रियांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. कित्येक जणी त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातींतील होत्या. त्या आठवड्याला जामखेडला येत, सर्व जातींच्या स्त्रिया एकत्र जेवत, एकत्र राहत आणि ऐकून, पाहून, प्रत्यक्ष करून शिकत. त्यांनाच ग्राम आरोग्य सेविका म्हणतात.

या सेविका काय शिकल्या? जुलाब व उलट्या यांत माणूस मरतो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे, हे त्या शिकल्या. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे आणि ते थोडे थोडे पाजीत राहावे. साखरेच्या साह्याने आतडे मीठ शोषून घेते आणि मिठापाठोपाठ पाणीही शरीरात जाते. हा चमचा लहान, चहाचा घ्यावयाचा आणि माप काटेकोर ठेवावयाचे. मीठ अधिक झाले तर अपाय होतो. इतके साधे हे ज्ञान, पण त्याने असंख्य बालके वाचतात. शिवाय बाळाला लस केव्हा टोचावी, कातडीवरचा बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो, महिनोन्महिने खोकणाऱ्याला क्षय असू शकतो, हेही त्यांना कळू लागले. क्षयाची औषधे बरे वाटताच रोगी सोडून देतो आणि रोग पुन्हा उसळतो. शेजारची सेविका मात्र रोज दाराशी येऊन विचारी, ‘आज गोळी घेतलीस का?’ लांबच्या रुग्णालयातील तज्ज्ञाला हे कधीही साधले नसते.

गावकऱ्यांचा विश्वास एका दिवसात बसला नाही. काल शेतात मोलमजुरी करणारी बाई आज आपल्याला काय शिकविणार, असे लोक म्हणत. पण तिने सांगितलेल्या पाण्याने शेजारचे मूल उठून बसले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. हळूहळू ज्या घरांनी तिला उंबऱ्याबाहेर ठेवले होते, त्याच घरांतून तिला रात्री-अपरात्री बोलावणे येऊ लागले.

पाण्याचा प्रश्नही असाच सुटला. दुष्काळाच्या त्या वर्षांत गावोगावी कूपनलिका खोदण्यात आल्या आणि त्यांतील पुष्कळशा मुद्दाम दलित वस्तीत घेतल्या गेल्या. शुद्ध पाणी हवे, तर साऱ्या गावाने तेथेच यावे, अशी ती योजना होती. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याने होणारा नारूसारखा रोग अशा बंदिस्त पाण्यामुळे मागे हटला. अशाच उपायांनी पुढे सारा भारत देश नारूमुक्त झाला. तशी घोषणा २००० मध्ये झाली. एकाच नळाने रोग दूर केला आणि जातीची भिंतही थोडी खाली आणली.

पंचवीस वर्षांच्या आत या गावांतील बालमृत्यूंचे प्रमाण हजारी १७६ वरून ३० च्याही खाली आले. १९७९ मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये मुक्ताबाई पोळ नावाची सेविका अमेरिकेत वॉशिंग्टन येथील एका मोठ्या परिषदेत बोलावयास उभी राहिली. सभागृहातील झगमगणाऱ्या झुंबरांकडे बोट दाखवून ती म्हणाली, की मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत. सुंदर, पण महाग आणि दूर. मग तिने दोन लहान दिवे काढले, एक लावला आणि त्यावर दुसरा लावून दाखविला. तिचे म्हणणे साऱ्या सभेला कळले.

त्यानंतर बरीच वर्षे लोटली. डॉ. मेबल १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. परंतु काम थांबले नाही. २०२० मध्ये कोरोनाची जागतिक साथ आली, तेव्हा जामखेडच्या याच रुग्णालयात असंख्य रोग्यांवर उपचार झाले. या रोगात एक कपट होते. काही रोग्यांच्या रक्तातील प्राणवायू घटत जाई, तरी त्यांना दम लागल्याचे जाणवत नसे. बोटाला लावावयाच्या लहानशा यंत्राने प्राणवायू रोज मोजणे आणि तो घसरताच रोग्याला वेळेवर रुग्णालयात धाडणे, यावर जीव अवलंबून होता. २०२१ च्या मे महिन्यात दुसरी लाट जोरात असताना तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्यातील घरोघरच्या डॉक्टरांना ‘माझा डॉक्टर’ या नात्याने पुढे येण्याचे आवाहन केले. घरी राहणाऱ्या रोग्यावर लक्ष ठेवणे, त्याला धीर देणे आणि रुग्णालयाची गरज कोणाला आहे व कोणाला नाही हे पारखणे, हे काम त्यांनीच करावयाचे होते. याच जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने त्या सुमारास घरोघर विचारपूस करण्यासाठी गावकऱ्यांचीच पथके नेमली, लक्षणे दिसताच रोग्याला वेगळे ठेवले आणि साथ आटोक्यात आणली.

या काळात कित्येक डॉक्टर, परिचारिका व आशा सेविका स्वतः आजारी पडल्या. काहींनी प्राणही गमावले. रोग्याच्या जवळ गेल्यावाचून सेवा होत नाही आणि जवळ गेले की धोका असतोच. सावित्रीबाईंच्या काळी हे जितके खरे होते, तितकेच आजही आहे.

मात्र विश्वासाचे हे नाते एकट्या डॉक्टरांनी राखून भागत नाही. रोग्याने दुखणे लपवू नये, औषध अर्धवट सोडू नये, ऐकीव गप्पा खऱ्या मानून पुढे पसरवू नयेत. डॉक्टरांनी वेगळे राहावयास सांगितले तर तो आपला अपमान समजू नये. त्यात शेजाऱ्याच्या मुलाचे रक्षण आहे. ताप लपविणाऱ्या घरापुढे मोठ्यातला मोठा डॉक्टरही हतबल होतो. ज्या गावातील माणसे वेळेवर खरे सांगतात, त्या गावातील डॉक्टरांचे निम्मे काम तेथेच झालेले असते.

शब्दार्थ

पटकी : कॉलरा. वखार : माल साठविण्याची मोठी कोठी. निदान : रोग कोणता आहे हे ठरविणे. अवर्षणप्रवण : जेथे पाऊस वारंवार दगा देतो असा. पाचवीला पुजलेली : जन्मापासून कायमची मागे लागलेली. नारू : दूषित पाण्यावाटे शरीरात शिरणाऱ्या कृमीमुळे होणारा रोग. निवर्तणे : मरण पावणे.

अभ्यास

१. साथीच्या काळात कोणत्या तीन गोष्टी त्वरित व्हाव्या लागतात?
२. प्लेगचे निदान जाहीर करणे डॉ. व्हिएगस यांना सोपे का नव्हते?
३. पुण्यातील घरझडती आणि हडपसरचा दवाखाना यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
४. बरे होऊन गेलेले मूल त्याच दुखण्याने परत का येई? त्यावरून आरोळे दांपत्याने काय ओळखले?
५. मुक्ताबाईंनी एका दिव्यावर दुसरा दिवा लावून दाखविला. त्यांना काय सुचवावयाचे होते?
६. आपल्या गावी पूर्वी कोणती साथ आली होती व त्या वेळी लोकांच्या मदतीस कोण धावून आले, हे घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा आणि दहा-बारा ओळी लिहा.