आवाजाने हिमकडा कोसळतो का?

प्रश्न : धाकटा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत आहे, सध्या काश्मीरच्या बर्फात. मोठ्याने बोललं तरी हिमकडा कोसळतो म्हणे. फोन करायचीही धास्ती वाटते.
– एक भगिनी, अनगोळ

उत्तर : ताई, खुशाल फोन करा. माणसाच्या आवाजाने हिमकडा कोसळतो, ही सिनेमातली गोष्ट. खालचा थर भुसभुशीत असला की वरचा जड बर्फ 30 ते 45 अंशांच्या उतारावरून घसरतो. कधी चालणाऱ्याचं वजनही पुरतं. धोका मात्र खरा. गाडलेल्याला 10-15 मिनिटांत काढलं तरच मोठी आशा. 2016 मध्ये सियाचीनला आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले लान्स नाईक हणमंतप्पा सहाव्या दिवशी बर्फाखाली जिवंत सापडले, तरी वाचले नाहीत. चंडीगडची डीजीआरई संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. भावाला जागा, हालचाल मात्र फोनवर विचारू नका, खुशाली विचारा.