रक्तातील एक अक्षर

बँकेच्या काउंटरवर बसल्यामुळे अंगठ्याचे ठसे बरेच पाहण्यात येतात. एकसारखे दिसणारे जुळे भाऊ आले, चेहऱ्यावरून ओळखता येईनात, तरी ठसे मात्र वेगळे. ठशाची ठेवण आईवडिलांकडून येते, पण गर्भातील बारीकसारीक परिस्थितीनेही रेषा बदलतात. मी कला शाखेचा पदवीधर. हा विषय कुतूहलापोटी वाचत गेलो, एवढेच.

विद्यार्थी मित्रांनो, माणसाच्या पेशीतला आनुवंशिक मजकूर सुमारे ३ अब्ज अक्षरांचा आहे. कोणत्याही दोन माणसांत तो जवळजवळ ९९.९ टक्के सारखाच असतो. जो थोडा फरक उरतो, त्यातलाही सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहातील माणसामाणसांत असतो, असे रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले. अस्पृश्यता वंशभेदातून आली हे मत डॉ. बाबासाहेबांनी त्यापूर्वीच, १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ ग्रंथात, नाकाच्या मोजमापांचे आकडे तपासून खोडून काढले होते.

मग एखाद्या अक्षराच्या फरकाने काय होते? सिकलसेलचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकातील एक अक्षर बदलते. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी पडला की गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडे-सांधे असह्य दुखतात. विदर्भात बौद्ध, आदिवासी व अन्य समाजांत, तसेच नंदुरबारकडील भिल्ल-पावरा वस्त्यांत हा आजार आढळतो.

इतका घातक बदल टिकला कसा? अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतून याचे उत्तर दिले. ज्याच्याकडे हे जनुक एकाच पालकाकडून येते, तो वाहक. त्याला सहसा त्रास नसतो, आणि हिवतापाच्या जीवघेण्या तडाख्यातून तो बऱ्याच अंशी वाचतो. हिवतापाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या अशी मुले अधिक जगली, म्हणून जनुकही राहिले. उत्क्रांती म्हणतात ती हीच. यात ना कुणाचे पाप, ना घराण्याला बट्टा. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही हा आजार आहे. तरी सोयरीक मोडेल या भीतीने लोक तो झाकतात, हे मला पटत नाही. जातीतल्या जातीत लग्ने होत राहिली की दोन वाहक एकत्र येण्याचा संभवही वाढतो.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. साध्या सोल्युबिलिटी चाचणीत दोष कळतो, पण वाहक कोण व रुग्ण कोण हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीतच ठरते. लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांनीही ती करावी. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के व पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के. पुष्कळांना वाटते, चारातले एक आजारी झाले म्हणजे बाकीची तीन सुटली. तसे नाही. हा हप्त्यांचा हिशेब नव्हे. दर वेळी शक्यता पुन्हा तेवढीच असते.